‘मंजुघोषा’विषयी तळटीप

नारो सदाशिव रिसबूड यांची कादंबरी (१८६८). वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ‘स्त्रीपुरुष तुलना’त (१८८२) तिचा समाचार घेतात. अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर ‘अरेबियन नाइट्स’मधल्या अरबी कथांचे मोठे ऋण आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१पासून त्या मराठीत आणल्या, पण इंग्रजीवरून. युरोपात त्या गालां यांच्या फ्रेंच भाषांतराने (१७०४-१७) पसरल्या होत्या. अरबांशी आपल्या किनाऱ्याचा व्यापार शतकानुशतकांचा, तरी त्यांच्या गोष्टी वऱ्हाडात पोहोचल्या त्या साहेबाच्या भाषेमार्गे. वाचनाच्या वाटाही साम्राज्यानेच आखल्या. या कथांच्या मूळ अरबी चौकटकथेत मात्र, सगळ्या बायका बेइमान ठरवून त्यांना मारणाऱ्या राजाला त्याची राणी शहरजाद गोष्टी सांगून थोपवते. ताराबाईंचा वाद नेमका त्याच आरोपाशी आहे. ‘स्त्रीपुरुष तुलना’ आणि ‘अरेबियन नाइट्स’ ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.