चौदा वर्षांच्या मुक्ताचा निबंध

आज आम्ही एका शाळकरी मुलीच्या निबंधाबद्दल बोलणार आहोत. निबंध १८५५ सालचा. लिहिणारी मुक्ता साळवे, वय चौदा, पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी. विषय तिच्याच लोकांचा, मांग-महारांच्या दुःखाचा. (तेव्हा मांग लिहीत, आज आपण मातंग म्हणतो.) मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात तो दोन भागांत छापून आला.

मुक्ता हात घालते ती थेट धर्मालाच. ब्राह्मण म्हणतात, वेद फक्त आमचे. मग ज्यांना धर्माचं पुस्तकच नाही, त्यांचा धर्म कोणता? देवा, आता तूच सांग, असं ती विचारते. शिवीगाळ नाही, रडगाणं नाही. समोरच्याचंच म्हणणं घेऊन त्यालाच कोंडीत पकडलंय. चौदाव्या वर्षी, बरं का!

मग पेशवाईतल्या गोष्टी येतात. इमारतीच्या पायात माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरत. तालीमखान्यासमोरून कुणी मांग-महार गेला तर त्याचं मुंडकं उडवत. लिहायला-वाचायला शिकणं हासुद्धा गुन्हाच.

आम्हाला मात्र सगळ्यात जास्त थांबवलं ते बाळंतिणीने. घरावर छप्पर नाही, थंडी-वारा-पाऊस सगळं अंगावर. त्यात बाळंतरोग झाला तर वैद्याला, औषधाला पैसा कुठून आणायचा? स्वतःच्या अनुभवावरून विचार करा, असं मुक्ता म्हणते. हे दुःख कागदावर आणायला तिथे एक मुलगीच हवी होती. पुरुषांच्या पोथ्यांत बाळंतिणीच्या छपराला कुठली जागा!

हाच निबंध इंग्रज सरकारचे आभारही मानतो. आता बाजारात मोकळं फिरता येतं, जिवाची भीती राहिली नाही, असं ती लिहिते. हे वाचून काहीजणी नाक मुरडतील, की ही परक्यांची बाजू घेते. पण ज्याच्या मानेवरची तलवार दूर झाली, त्याला ती कुणी दूर केली याचा हिशेब आधी सुचतो. आणि इंग्रजांचं कौतुक करून ती गप्प बसत नाही. आपल्याच लोकांना ती शिकायला सांगते, विद्येला औषध म्हणते.

तेच इंग्रज सरकार पुढे कसं वागलं, तेही सांगायला हवं. १८७१ साली त्यांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो आपल्या मुलखातही आला. चोरी केलेली असो-नसो, जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरला, चावडीवर हजेरी लावणं आलं. मुक्ताच्याच समाजातले, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ कादंबरी १९५९ साली आली, ती याच जाचाविरुद्ध उठलेल्या माणसाची. शंभर वर्षांत आभाराची जागा बंडाने घेतली. आम्हाला या दोघांत भांडण दिसत नाही. मुक्ताने गावातला जुलूम सांगितला, अण्णा भाऊंनी गावाचा आणि सरकारचा, दोन्ही.

निबंध चार-पाच पानांचा आहे. भाषा जुनी असली तरी मोठ्याने वाचल्यावर कळते. गटाच्या पुढच्या बैठकीत एकीने वाचा, बाकीच्यांनी ऐका. बाळंतिणीचा भाग आला की आजीबाईंना बोलू द्या, त्यांच्या वेळी छप्पर कसं होतं आणि सुईण कुणाच्या घरात पाऊल टाकत नव्हती, ते.