तेलाचा हात बाईच्या वाट्याला किती?

बैलगाडीच्या आसाला वंगण लागतं, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. चरकसंहितेत अभ्यंगासाठी हाच आसाचा दाखला आहे: तेल चोळलेलं अंग कष्ट सोसतं. पुढं वाग्भटांनी अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावा, डोकं, कान आणि पायांना विशेष तेल लावावं, असं सांगितलं.

हे रोजचं तेल आपल्या वाट्याला आलं किती? दिवाळीची पहाट आणि बाळंतपणाचा सव्वा महिना. जळगाव-धुळ्याच्या गावांत बाळंतिणीला चोळायला मालीशवाली मावशी यायची, मग शेक-शेगडी. सव्वा महिना सरला की तेलाची वाटी बाळाकडं नि सासूबाईंच्या गुडघ्यांकडं जायची. चोळणाऱ्या मावशीची पाठ कोण चोळणार, हे कुणी विचारलंच नाही.

अमेरिकेत मायामी विद्यापीठात टिफनी फील्ड यांनी 1992 साली स्पर्शाच्या अभ्यासासाठी संस्थाच काढली. मध्यम दाबानं चोळलं की श्वास संथ होतो, नाडी उतरते, झोप लागायला मदत होते. त्यानं कर्जाचा हप्ता किंवा कापसाच्या भावाची काळजी मिटत नाही; आवळलेली मान मात्र सैल होते.

म्हणून आपल्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं एकमेकींचे खांदे चोळूया. ताप, जखम किंवा एकाच पोटरीला सूज असेल तर चोळू नका, दवाखाना गाठा. मन फार दिवस उदास असेल तरी डॉक्टरांना दाखवा. आणि पहिली पाळी गावातल्या मालीशवाल्या मावशीला द्या.