जहाज आलं, कागद राहिला

२३ जून १९७२ रोजी सिंगापूरच्या तांजोंग पागर धक्क्याला ‘निहोन’ हे जहाज तीनशे कंटेनर घेऊन लागलं. माल क्रेननं झपाट्यानं उतरू लागला. कागद मात्र कस्टम्स, बंदर आणि इतर खाती अशा टेबलांवरून हातोहातच फिरत राहिला. परवानगीला दोन ते चार दिवस सहज जात. १ जानेवारी १९८९ला ‘ट्रेडनेट’ सुरू झालं आणि तेच काम सुमारे पंधरा मिनिटांवर आलं.

हा संगणकाचा विजय, असं म्हणून लोक मोकळे होतात. आम्हाला ते पटत नाही. संगणक विकत मिळतो हो! अनेक खात्यांनी आपापला फॉर्म सोडून एकच फॉर्म मान्य करणं, हे कुठल्या दुकानात मिळतं? फॉर्म गेला की टेबलाचा मानही जातो. सिंगापूरच्या सरकारनं तो मान काढून घेतला, हा खरा इतिहास.

त्याच १९८९ साली आपलं न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. मोठ्या बंदरांसाठी सामाईक संगणक व्यवस्था यायला २००७ उजाडलं, आणि डिसेंबर २०१८मध्ये तिची नवी आवृत्ती आणावी लागली.