थाळनेरच्या कबरी : उघड्यावरील शिल्पाची साक्ष

शिरपूर तालुक्यात तापीच्या उत्तर तीरावर वसलेले थाळनेर हे फारुकी राजवटीचे पहिले केंद्र होय. फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये हा मुलूख मलिक राजास दिला व १३९९ मध्ये त्याचे दफन येथेच झाले. पुढे नासिरखानाने असीरगड घेऊन बुऱ्हाणपूर वसविले आणि सत्ता पूर्वेस सरकली. तथापि नासिरखान (मृत्यू १४३७), मीरान आदिलखान (मृत्यू १४४१) व मीरान मुबारकखान (मृत्यू १४५७) या तिघांसही थाळनेरच्याच भूमीत विसावा मिळाला. १५०१ मध्ये निवर्तलेल्या दुसऱ्या आदिलखानाची कबर मात्र बुऱ्हाणपुरास आहे. राजधानी हलली तरी पूर्वजांच्या भूमीशी असलेले नाते त्यानंतर काही काळ टिकून होते, हे या क्रमावरून स्पष्ट होते.

या समूहातील अष्टकोनी कबर तिच्या भिंतींवरील कोरीव कामामुळे विशेष लक्षणीय ठरते. असे शिल्प निर्मितीच्या वर्षापुरतेच वाचण्याचा प्रघात आहे. तो अपुरा होय. उघड्यावरील दगडावर नंतरची शतकेही आपली नोंद करीत असतात. पावसाने झिजलेली कड बोथट होते, हातांच्या स्पर्शाने पृष्ठभाग गुळगुळीत होतो, तर घावाने फुटलेला भाग खडबडीत राहतो. ही तीन चिन्हे तीन भिन्न इतिहास सांगतात.

हा भेद थाळनेर येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहान्वये होळकरांचा खानदेशातील मुलूख इंग्रजांकडे गेला. किल्लेदाराने गड सोडण्यास विरोध केल्यावर २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉपच्या सैन्याने तो घेतला. शिबंदीची कत्तल झाली व किल्लेदारास फाशी देण्यात आले. इतक्या भीषण घटनेच्या सान्निध्यात भंगलेला प्रत्येक दगड युद्धाच्या किंवा धर्मद्वेषाच्या खाती टाकण्याचा मोह होतो. परंतु ओलावा, मुळे व चिरे काढून नेण्याची प्रवृत्ती ही कारणेही तितकीच संभाव्य असतात. निर्णय दगडावरील खुणेनेच व्हावयास हवा.

म्हणूनच दुरुस्तीपूर्वी प्रत्येक झिजेचे रेखाटन व छायाचित्रण होणे अगत्याचे आहे. घासूनपुसून वा सिमेंटने लिंपून सुशोभित केलेली भिंत नवी दिसेल. परंतु राजे निघून गेल्यानंतरच्या थाळनेरचा जो इतिहास कोणत्याही तवारिखेत लिहिला गेला नाही, तो त्याबरोबर कायमचा पुसला जाईल.