बेवारस कुणाला म्हणायचं? : कुत्रं, गाव आणि घर

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एका श्रोत्यानं विचारलं होतं, की येरमाळा ते तुळजापूर या हमरस्त्यावर हल्ली गळ्यात पट्टा असलेली चांगल्या जातीची कुत्री धाब्यांच्या आसपास दिसतात. घाबरलेली असतात, हात लावू देत नाहीत. कुणीतरी गाडीतून आणून सोडलेली असावीत. याला इतिहास आहे का? आम्ही तेव्हा म्हटलं होतं, पुढच्या वेळी बोलू. तर आज तेच.

आधी शब्दाकडे बघू. अशा कुत्र्याला आपण 'बेवारस' म्हणतो. 'बे' फारसी, 'वारस' मूळचा अरबी. मालक मेला आणि मालमत्तेला कुणी पुढचा हक्कदार उरला नाही, की ती मालमत्ता बेवारस. म्हणजे कुत्र्याला बेवारस म्हणताना आपण नकळत त्याला जमीनजुमल्याच्या रांगेत बसवतो. 'मोकाट' म्हटलं की त्याला दावं नाही एवढंच कळतं. 'भटकं' म्हटलं की त्याचं फिरणं दिसतं. एकच शब्द असा आहे की ज्यात त्या प्राण्याचा ठिकाणा आहे, तो म्हणजे 'गावठी'. आणि नेमका तोच शब्द आपण तुच्छतेनं वापरतो, ही मोठी गंमत आहे.

कायद्यानंही बराच काळ हाच हिशेब केला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत जनावराला मारणं, जायबंदी करणं हा गुन्हा होता, पण ते जनावर किमान १० रुपये किमतीचं असलं तर. आता गावठी कुत्र्याची किंमत कोण आणि कशी ठरवणार? २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत ही किमतीची अट राहिली नाही. मधल्या काळात १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्यासाठी धरलेला आग्रह प्रसिद्धच आहे. त्या कायद्यात भुकेनं किंवा तहानेनं जनावराचे हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. आज पन्नास रुपयांत धाब्यावर धड जेवणही मिळत नाही.

आता जरा मागे जाऊ. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या गावात कुत्रं 'सोडून देणं' ही कल्पनाच बसत नव्हती. कारण ते कुणी घेतलेलंच नसायचं. गल्लीचं कुत्रं असायचं. शेवटची भाकरी त्याची, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण पाळलं जायचं. ज्या घरांत वैश्वदेव होता तिथं गाय, कावळा, मुंगी यांच्याबरोबर कुत्र्याचाही वाटा काढून ठेवत. याचा अर्थ गाव फार दयाळू होतं असा काढू नका. दगड मारणारेही तेच हात होते. पण कुत्रं गावाच्या हिशेबात होतं, एवढंच आम्हाला म्हणायचं आहे.

देवांच्या हिशेबातही होतं. दत्ताच्या पायाशी कुत्री, खंडोबाबरोबर कुत्रं. आपल्याकडे अणदूर आणि नळदुर्गजवळचं मैलारपूर इथला खंडोबा तर दोन घरांचा देव. वर्षातला मोठा काळ अणदूरला, उरलेला मैलारपूरला, आणि ने-आण करताना दोन गावांत रीतसर करार. देवाचं घर बदलायचं तर लेखी बोलणी होतात. हे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

आणि तेर. गोरोबाकाकांचं तेर इथून किती जवळ आहे! संतमंडळी जमली, गोरोबांनी थापटणं घेऊन सगळ्यांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं, ही कथा आपल्या लेकरांनाही माहीत असते. नामदेव रुसले, विसोबा खेचरांकडे गेले. पुढे कीर्तनकार जी गोष्ट जोडतात ती आमच्या विषयाची. नामदेव जेवायला बसणार तोच कुत्रं पोळ्या घेऊन पळालं, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. मडकं भाजलं की नाही याची परीक्षा शेवटी कुत्र्यानं घेतली. आम्ही आयुष्यभर वेदान्त शिकवला, पण अद्वैत समजावताना या गोष्टीइतकं सोपं उदाहरण दुसरं सापडलं नाही. एक बारीक शंका मात्र आम्हाला नेहमी येते. तुपाची वाटी घेऊन मागे धावणारा माणूस बघून ते कुत्रं थांबलं असेल का? घाबरलेलं कुत्रं धावणाऱ्या माणसाकडे येत नाही. ते आणखी लांब पळतं.

आता इतिहासातलं एक कुत्रं, नावानिशी. कर्नाटकात मंड्याकडे आतकूर नावाचं गाव आहे. तिथं सापडलेला, इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या मध्यावरचा एक शिलालेख प्रसिद्ध आहे. त्या वेळी आपला हा सगळा मुलूख राष्ट्रकूटांचा. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे मालखेड, इथून फार लांब नाही. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याची चोळांशी तक्कोलमला लढाई झाली, तिच्यात गंग राजा बूतुग त्याच्या बाजूनं होता. बूतुगाचा मणलेर नावाचा सरदार शौर्यानं लढला. राजा म्हणाला, काय हवं ते माग. त्यानं गाव मागितलं नाही, सोनं मागितलं नाही. त्यानं राजाची काळी नावाची कुत्री मागितली. पुढे ती काळी एका दांडग्या रानडुकराशी झुंजली आणि दोघंही मेली. तिच्या नावानं देवळासमोर दगड उभा केला, जमीन लावून दिली आणि गोरवानं रोज पूजा करावी असं ठरवलं. पूजा न करता जो जेवेल त्याला दोष सांगितला.

इतिहासकार हा लेख तक्कोलमच्या लढाईसाठी वाचतात, ते योग्यच आहे. आम्ही मात्र तो एका हस्तांतराचा कागद म्हणून वाचतो. एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या कुत्रीचा. देणारा कोण, घेणारा कोण, कशासाठी घेतली, मेल्यावर तिचं काय केलं, सगळं नोंदलेलं. आज हमरस्त्यावर दार उघडून कुत्रं ढकलून देणाऱ्या गाडीच्या मालकाकडे यातलं एकही उत्तर नसतं.

मालक असलेलं आणि मालक नसलेलं अशी कुत्र्यांची काटेकोर फाळणी शहरानं केली. मुंबईत कंपनी सरकारनं मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम कडक केला आणि कुत्र्यामागे बक्षीस लावलं. बक्षीस लागलं की काय होतं ते सांगायला नको. मारेकरी दारातली, अंगणातली कुत्रीही उचलू लागले. ६ जून १८३२ ला पारशी लोक खवळले, दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाले, कुलाब्याच्या लष्कराची रसद अडली. हिंदू, जैन व्यापारीही त्यात आले. दंगल मोडली, पण १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि इतर शेटजींनी पांजरपोळ उभा केला. मारू नका, आम्ही ठेवतो, असा तो तोडगा. ठेवायची जागा आली, पण गल्ली गेली. तिथून पुढे आपण कुत्र्याला एकतर कोंडवाड्यात बघतो, नाहीतर रस्त्यावर.

आता आपल्या जिल्ह्याच्या जखमेकडे येतो. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटेचे तीन छप्पन. लातूर-उस्मानाबादमधली सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यानंतर ५२ गावं जुन्या जागेवरून उठवून नवीन जागी वसवली. जमिनीच्या धारणेप्रमाणे घरं ठरली, २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. रुंद रस्ते, सरळ रांगा. गढी, बोळ, पार, सगळं मागे राहिलं.

आम्ही त्या दिवसांत महाविद्यालयातल्या मुलांबरोबर सास्तूरच्या बाजूला जात होतो. दगडमातीच्या ढिगांवर कुत्री बसलेली असायची. पत्र्यांच्या शेडमध्ये माणसं गेली, कुत्री बरीचशी गेली नाहीत. कुत्र्याचं गाव म्हणजे ओळखीचा वास, ओळखीचा कोपरा. सातबारा नव्हे. एक म्हातारे गृहस्थ रोज संध्याकाळी भाकरी घेऊन जुन्या गावी चालत जायचे. घरातली तीन माणसं गेलेली. कुत्री ढिगाखाली उकरत होती म्हणे पहिले दोन दिवस, मग नुसती बसून राहिली. कुणी जवळ गेलं की गुरगुरायची. मुलांनी दोरी टाकून आणू का विचारलं. म्हातारे म्हणाले, "नगं. तिला वाटंल आपल्याला बी धरून न्ह्यायलेत." त्यांनी ढिगातून निघालेली एक वाकळ न धुता शेडमध्ये अंथरली आणि भाकरी टाकायची जागा रोज थोडी थोडी शेडकडे सरकवली. अडीच-तीन आठवडे लागले. एका सकाळी कुत्री वाकळेवर झोपलेली होती. पुनर्वसनाचे अहवाल आम्ही पुष्कळ वाचले. हे तंत्र त्यात नाही.

पण हमरस्त्यावरच्या कुत्र्यासाठी ते जसंच्या तसं लागू आहे. समोरून जाऊ नका, डोळ्यांत रोखून बघू नका. थोडं अंतर ठेवून, तिरकं तोंड करून खाली बसा. रोज एकाच वेळी, एकाच जागी, एकाच माणसानं खायला ठेवा. आलंच तर लगेच डोक्यावर हात ठेवू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्या. चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि सरकारी रुग्णालयात जा. आमच्या पिढीला पोटातल्या चौदा इंजेक्शनांची दहशत होती, ती आता राहिलेली नाही. लस दंडात देतात. पण ती टाळायची मात्र नाही. दयेच्या भरात लोक हेच विसरतात आणि मग सगळ्याच कुत्र्यांवर काठी उठते.

नवीन घर शोधताना मणलेराचा नियम पाळा. मागणाऱ्यालाच द्या. गळ्यात बांधू नका. दोन घरं, तीन घरं फिरवलेलं कुत्रं प्रत्येक वेळी जास्त घाबरतं.

२०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम सांगतात, कुत्र्याची नसबंदी करा, लस द्या आणि जिथून धरलं तिथंच सोडा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधीचा कडक आदेश सौम्य केला, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा ठिकाणची कुत्री निवाऱ्यात न्यायला सांगितली. वाद चालू राहील. आमचं एवढंच म्हणणं, की 'जिथून धरलं तिथंच' हा नियम गल्लीच्या कुत्र्यासाठी शहाणपणाचा आहे. धाब्यावर टाकलेल्या कुत्र्याचं 'तिथं' कुठलं?

याचं उत्तर आमच्या मते ऊसतोड कामगारांकडे थोडं आहे. कळंब, भूम, वाशीकडून टोळ्या निघतात तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, लेकरं, शेळी आणि कधीकधी कुत्रंही असतं. ते कोपीची राखण करतं. हंगाम संपतो तेव्हा एखादं मागे राहतं, ट्रॉलीत जागा नसते म्हणून किंवा ऐन वेळी सापडत नाही म्हणून. मात्र निघताना फडाच्या कडेच्या वस्तीवर कुणाला तरी सांगून जातात, "याला भाकरी टाकत जावा, आमी दसऱ्यानंतर येतो." काही वेळा दसऱ्यानंतर ते कुत्रं ओळख धरून पुन्हा कोपीपाशी येतं. काही वेळा येत नाही, ते वस्तीचं होऊन गेलेलं असतं, आणि टोळीवाले ते मान्य करतात.