सिस्टर नॅन्सी

सिस्टर नॅन्सी : (२ जानेवारी १९६२ – ). रेगे व डान्सहॉल संगीतातील जमेकन गायिका. मूळ नाव ऑफ्लिन रसेल. डान्सहॉल संगीतातील पहिली स्त्री डीजे म्हणून तिची गणना करण्यात येते. ‘बॅम बॅम’ (१९८२) हे तिचे गीत जगभर वाजले. तथापि त्याचा मोबदला तिला सुमारे ३२ वर्षे मिळाला नाही. त्यामुळे तिच्या कारकीर्दीच्या अभ्यासात जमेकन संगीतव्यवसायाची घडण आणि त्यातील कलावंतांचे हक्क यांचाही विचार करावा लागतो.

तिची कला ज्या परंपरेतून उदयास आली, ती परंपरा किंग्स्टन शहरातील श्रमिक वस्त्यांत वाढली. १९५० नंतरच्या काळात या वस्त्यांतील बहुतेकांना तबकड्या व त्या वाजविण्याचे यंत्र विकत घेणे परवडत नसे. त्यामुळे प्रचंड ध्वनिक्षेपक, ध्वनिवर्धक व तबकड्या घेऊन ठिकठिकाणी नृत्याचे कार्यक्रम करणारे फिरते संच लोकप्रिय झाले. त्यांना ‘साउंड सिस्टिम’ म्हणत. हे कार्यक्रम ज्या सभागृहांत वा मोकळ्या आवारांत होत, ती स्थळे म्हणजे डान्सहॉल. पुढे त्यांवरूनच या संगीतप्रकाराला नाव मिळाले. क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड व ड्यूक रीड यांसारखे संचचालकच पुढे ध्वनिमुद्रिकांचे निर्माते बनले. संचावर तबकडी निवडून लावणारा तो ‘सिलेक्टर’ आणि तिच्या संगीतावर तालबद्ध बोलणारा वा गाणारा तो ‘डीजे’, अशी कामाची वाटणी होती. १९७० मध्ये यू-रॉय या डीजेच्या ध्वनिमुद्रिकांना मोठे यश लाभले आणि संचापुरती मर्यादित असलेली ही कला स्वतंत्र गीतप्रकार म्हणून मान्यता पावली.

या पद्धतीचा पाया म्हणजे ‘रिडिम’. बेस गिटार व ड्रम यांनी बांधलेल्या मूळ वाद्यसंगीतास रिडिम म्हणतात. निर्माता एकदा मुद्रित केलेला रिडिम पुनःपुन्हा वापरी व त्यावर निरनिराळ्या कलावंतांकडून निरनिराळी गीते गाऊन घेई. त्यामुळे वादकांचा खर्च वाचे आणि नवोदित गायकालाही अल्पावधीत ध्वनिमुद्रणाची संधी मिळे. परंतु मुद्रणाची मूळ फीत निर्मात्याकडेच राहत असल्यामुळे व्यवहाराची सर्व सूत्रेही त्याच्याच हाती राहत.

नॅन्सीचा जन्म किंग्स्टन येथे झाला व तिचे बालपण त्या शहराच्या पपीन भागात गेले. वडील धर्मोपदेशक होते व कुटुंबात १५ भावंडे होती. तिचा थोरला भाऊ रॉबर्ट रसेल हा ‘ब्रिगेडियर जेरी’ या नावाने नामांकित डीजे झाला. तो ‘जाह लव्ह म्यूझिक’ या संचाशी संबंधित होता. भावामुळे नॅन्सीचा या क्षेत्राशी परिचय झाला आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ती स्वतः ध्वनिक्षेपकासमोर उभी राहू लागली. जमेकात तोपर्यंत गायिकांची उणीव नव्हती : मिली स्मॉलचे ‘माय बॉय लॉलिपॉप’ (१९६४) इंग्लंडमध्ये अतिशय गाजले होते, मार्सिया ग्रिफिथ्स ही रेगेची अग्रगण्य गायिका होती आणि आल्थिया व डॉना या युवतींचे डीजे शैलीतील ‘अपटाउन टॉप रँकिंग’ १९७८ च्या प्रारंभी ब्रिटिश क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचले होते. मात्र ही सर्व कामगिरी मुख्यतः ध्वनिमुद्रणगृहातील होती. रात्रभर चालणाऱ्या नृत्यात, प्रतिस्पर्धी डीजेंच्या शेजारी उभे राहून, श्रोत्यांची तत्काळ दाद मिळविणे हे पुरुषांचेच काम समजले जाई. नॅन्सीने प्रवेश केला तो या क्षेत्रात.

प्रारंभीच्या काळात ती ‘स्टिरिओफोनिक’ या संचावर जनरल एको या डीजेबरोबर गाऊ लागली. एको हा शृंगारिक, प्रसंगी अश्लील बोलांकरिता प्रसिद्ध होता. नॅन्सीने मात्र तो मार्ग अनुसरला नाही. शाळेत जाण्याचा उपदेश, डोक्यावर छप्पर असण्याचे समाधान, श्रद्धा आणि स्वतःच्या कलेविषयीचा अभिमान हे तिच्या गीतांचे विषय होत. नोव्हेंबर १९८० मध्ये जनरल एको पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. त्याच वर्षी निर्माता विन्स्टन रायली याने नॅन्सीचे ‘पापा डीन’ हे पहिले गीत प्रसिद्ध केले.

रायली हा ‘टेक्निक्स’ या गायनवृंदाचा संस्थापक व अनुभवी निर्माता होता. त्याची निर्मिती असलेल्या ‘डबल बॅरल’ या गीताने १९७१ मध्ये ब्रिटिश क्रमवारीत पहिला क्रमांक मिळविला होता. ऑर्गनवादक अँसेल कॉलिन्स याच्याकडून १९७३ मध्ये त्याने ‘स्टॅलॅग १७’ ही वाद्यरचना मुद्रित करून घेतली. बिली वाइल्डरच्या १९५३ मधील चित्रपटाचे नाव तिला देण्यात आले होते. जमेकन संगीतात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या रिडिमांत तिचा समावेश होतो. जनरल एकोचे ‘आर्लीन’ आणि टेनर सॉ याचे ‘रिंग द अलार्म’ (१९८५) ही गाजलेली गीते याच रिडिमवर आधारलेली आहेत.

नॅन्सीचा ‘वन, टू’ हा पहिला गीतसंग्रह रायलीने १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दहा गीते आहेत. नॅन्सीच्या सांगण्यानुसार, संग्रह पूर्ण करण्यास एक गीत कमी पडत होते, म्हणून ‘बॅम बॅम’ हे लिखित मजकुराविना, ध्वनिमुद्रणाच्या वेळीच रचण्यात आले. त्याचे धृपद टूट्स अँड द मेटल्स या वृंदाच्या त्याच नावाच्या गीतावरून घेतलेले आहे. ते जुने गीत १९६६ मध्ये जमेकातील पहिल्या उत्सवगीत स्पर्धेत विजयी ठरले होते. कडवी मात्र सर्वस्वी नॅन्सीची आहेत. ध्वनिक्षेपकासमोर स्त्री कशी, असा प्रश्न करणाऱ्यांना तिने त्यांतून ठाम व खेळकर उत्तर दिले आहे. स्वच्छ शब्दोच्चार, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळणारी लय आणि बोलणे व गाणे यांच्या सीमेवरील स्वरयोजना ही तिच्या गायनाची वैशिष्ट्ये या गीतात उत्कटत्वाने आढळतात. जमेकात त्या वेळी गीताचा फारसा गाजावाजा झाला नाही. तिला स्वतःला मात्र मागणी होती. ‘रेगे सनस्प्लॅश’ या मोठ्या संगीतमहोत्सवात तिचे गायन झाले, परदेशांतही तिने कार्यक्रम केले आणि यलोमन व पर्पलमन यांच्या समवेत तिचा एक संयुक्त संग्रह प्रसिद्ध झाला.

ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतून तिला काही प्राप्ती झाली नाही. याची कारणे काही अंशी कायद्यात शोधावी लागतात. जमेका १९६२ मध्ये स्वतंत्र झाला, तरी तेथे १९११ चा ब्रिटिश स्वामित्वहक्क कायदाच १९९३ पर्यंत लागू होता. त्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे मूळ मुद्रणाचा मालक, अर्थात बहुधा निर्माता. प्रत्यक्ष गाणाऱ्याला त्यात स्थान नव्हते. गीतकर्त्याचा हक्क कायद्याने मान्य होता; परंतु लेखी करार क्वचितच होत आणि ठरावीक रक्कम एकदा दिली की व्यवहार संपला, असे मानण्याची प्रथा होती. त्यात रिडिम एकाचा, धृपद दुसऱ्याचे व कडवी तिसऱ्याची असल्यावर कर्तृत्वाची विभागणी करणे आणखी अवघड होई. १९९३ च्या नव्या कायद्याने प्रयोगकर्त्या कलावंतांचे हक्कही मान्य केले. पण ‘बॅम बॅम’ त्यापूर्वी अकरा वर्षे प्रसिद्ध झाले होते.

नॅन्सी १९९६ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात स्थायिक झाली व तेथील एका बँकेत हिशेबाचे काम करू लागली. दरम्यान तिच्या गीताचा स्वतंत्र प्रवास चालूच होता. न्यूयॉर्कमधील हिप-हॉप संगीताची सुरुवात १९७३ च्या सुमारास जमेकात जन्मलेल्या कूल हर्क याने साउंड सिस्टिमच्या धर्तीवरच केली होती. जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा नव्या गीतात गुंफण्याची रीत त्या संगीतात रूढ झाली आणि ‘बॅम बॅम’ हे गीत त्यासाठी वारंवार निवडले गेले. ‘बेली’ (१९९८) या चित्रपटात ते वाजले. लॉरिन हिलच्या ‘लॉस्ट वन्स’ (१९९८) या गीतात त्याचे पडसाद उमटले. पुढे कान्ये वेस्ट (२०१६) व जे-झी (२०१७) यांनीही त्याचा उपयोग केला. दिवसभर बँकेत आकडेमोड करणाऱ्या गायिकेचा आवाज अशा रीतीने तिच्या नकळत जगभर वाजत राहिला.

रायलीचा जानेवारी २०१२ मध्ये मृत्यू झाला. २०१४ मध्ये पादत्राणांच्या एका जाहिरातीत आपले गीत ऐकल्यावर नॅन्सीने कायदेशीर दाद मागितली. परिणामी आधीच्या दहा वर्षांचे स्वामित्वधन आणि ‘वन, टू’ या संग्रहाच्या हक्कांतील निम्मा वाटा तिला मिळाला. त्यापूर्वीच्या सुमारे बावीस वर्षांची भरपाई मात्र झाली नाही. पुढे नोकरी सोडून तिने पुन्हा गायनाचे दौरे सुरू केले. ‘बॅम बॅम : द सिस्टर नॅन्सी स्टोरी’ हा ॲलिसन ड्यूक दिग्दर्शित अनुबोधपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला.

नॅन्सीनंतर डान्सहॉलमध्ये लेडी सॉ, तान्या स्टीव्हन्स, स्पाइस इ. स्त्री कलावंत पुढे आल्या. २०२० मध्ये कॉफी या तरुण गायिकेला सर्वोत्कृष्ट रेगे संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिक लाभले. तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री होय. या परंपरेचा प्रारंभ करणाऱ्यांत नॅन्सीचे स्थान अग्रभागी आहे. तिचे संग्रह संख्येने थोडे आहेत आणि तिची कीर्ती मुख्यतः एकाच गीतावर उभी आहे. ज्या व्यवस्थेने एका अननुभवी मुलीला तयार रिडिम व ध्वनिमुद्रणाची संधी दिली, त्याच व्यवस्थेने त्या गीतावरील तिचा हक्क दीर्घकाळ दृष्टीआड केला. व्यवस्थेच्या या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याखेरीज तिच्या कारकीर्दीचे, तसेच डान्सहॉलच्या इतिहासाचेही, यथार्थ मूल्यमापन होऊ शकत नाही.