बीजाणू आणि रक्षक पेशी

फ्लॉरेन्सच्या मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७२९ मध्ये एका बुरशीला तीर्थ शिंपडण्याच्या उपकरणावरून ‘अ‍ॅस्परजिलस’ हे नाव दिले. पुढे १८८४ मध्ये मेचनिकॉफ यांनी पाणपिसूच्या देहात भक्षक पेशी दुसऱ्या एका बुरशीचे बीजाणू गिळताना पाहून प्रसिद्ध केले : पेशी जिंकल्या तर जीव तरतो, हरल्या तर मरतो. आपल्या फुफ्फुसांतही हाच संग्राम चालतो. मात्र अ‍ॅस्परजिलस निःशस्त्र नाही. तिच्या बीजाणूंवरील प्रथिनाच्या आवरणामुळे रक्षक पेशी त्यांना ओळखत नाहीत, हे २००९ मध्ये उघड झाले. अंकुरल्यावर ती ग्लायोटॉक्सिन हे विष स्रवून पेशींची भक्षणशक्ती क्षीण करते. हे बीजाणू आपण नित्य श्वासावाटे घेतो व सुखरूप राहतो; परंतु कर्करोगावरील उपचारांनी ज्याच्या रक्षक पेशी घटल्या, त्याचा तोच श्वास प्राणांवर बेतू शकतो.